आप्पांना ओटा देणाऱ्या अक्कांस

तीर्थस्वरूप अक्कांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र मराठीत आहे आणि तुमचे वाचन तेलुगूतले, त्यामुळे ते तुमच्या नातीला वाचून दाखवावे लागेल. तिने अडेल तिथे थांबून अर्थ सांगावा, मात्र एकही ओळ गाळू नये अशी तिला विनंती आहे. स्वतःबद्दल दोन चांगले शब्द आले की तुम्ही हात हलवून “पुढचं वाच” म्हणाल, हे मला चांगले ठाऊक आहे. पत्र पाकिटात न घालता चार लोकांसमोर लिहिण्याचे कारण तुम्हालाही माहीत असावे, पण तुम्ही ते कधी बोलून दाखवले नाही.

माझे आजोबा, आप्पा, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांच्या शोकसभेत सहा जण बोलले. निवृत्तीनंतरची अठरा वर्षे त्यांनी विडी कामगार महिलांचे भविष्य निर्वाह निधीचे आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज फुकट भरून दिले, शेकडो बायकांची कामे मार्गी लावली, एका पैशाचीही अपेक्षा ठेवली नाही, असे सर्वांनी सांगितले आणि ते खरेच होते. कुटुंबाच्या वतीने आभार मानायला मी उभी राहिले. डॉक्टर, शेजारी, रुग्णवाहिकेचा चालक, सभेसाठी सतरंज्या देणारे मंडळ, सगळ्यांची नावे माझ्या कागदावर होती. तुम्ही मागे, दाराशेजारच्या पायरीवर बसला होतात. तुमचे नाव सहा वक्त्यांपैकी कोणी घेतले नाही आणि मीही घेतले नाही. सभा संपल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, आजीजवळ दोन मिनिटे बसलात आणि शेवटची सीट रिक्षा चुकेल म्हणून निघून गेलात. दोन वर्षे होत आली, तरी तो कागद माझ्या मनातून जात नाही.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे मागचे सांगावे लागेल. आप्पा 1968 साली इथल्या एका विडी कारखान्यात कारकून म्हणून लागले आणि 2004 मध्ये निवृत्त झाले. विडीच्या धंद्यात कारखाना म्हणजे बहुतेक वेळा तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून देणारी एक खिडकी असते. विड्या वळल्या जातात त्या पूर्व भागातल्या घराघरांत, बायकांच्या मांडीवरच्या सुपात. रात्री पाने भिजवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, दिवसभर वळून दोऱ्याने बांधायची आणि हजाराचा हिशेब घेऊन पुन्हा त्याच खिडकीशी रांगेत उभे राहायचे. घरी बसून काम करणारी ही बाई कारखान्याची कामगार धरायची की नाही, यावरच वर्षानुवर्षे वाद चालला. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भविष्य निर्वाह निधी तिलाही लागू असल्याचे स्पष्ट केले. तिच्या कष्टाचा पुरावा म्हणून उरते ती कारखान्याच्या वहीतली नोंद, आणि ती नोंद करणारा हात आप्पांचा होता.

ही नोंद कशी होत असे, हे आप्पांनी मला पुष्कळ उशिरा सांगितले. बाईचे नाव ती सांगते तसे लिहिले जात नसे, खिडकीपलीकडच्या कारकुनाला ऐकू येई तसे लिहिले जाई. तेलुगू बोलणारी बाई ‘नरसम्मा’ सांगे, मराठी कारकून ‘नरसाबाई’ लिही, वही बदलली की दुसरा कारकून तिची ‘नरसव्वा’ करी, रेशन कार्डावर आणखी निराळे काही असे आणि 2010 नंतर आधार कार्ड आले तेव्हा त्यावर चौथेच नाव छापून आले. वयाचेही तेच. रांग मोठी, जन्माचा दाखला कोणाकडेच नाही, म्हणून अंदाजाने आकडा टाकायचा आणि पुढच्या बाईला बोलवायचे. 16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि या किरकोळ वाटणाऱ्या चुकांना एकदम किंमत आली. निदान दहा वर्षांची नोकरी आणि वयाची 58 वर्षे पूर्ण असतील तर निवृत्तिवेतन, आणि दोन्ही गोष्टी ठरणार त्या आप्पांच्या आणि त्यांच्यासारख्या कारकुनांच्या अक्षरावरून.

2005 च्या उन्हाळ्यात तुम्ही पाच बायकांना घेऊन उत्तर कसब्यातल्या आमच्या घरी आलात. मी तेव्हा शाळेत होते आणि दार मीच उघडले होते. आप्पांनी निवृत्तीचा बेत पक्का केला होता: सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी, दुपारी वर्तमानपत्र, आषाढीला पंढरपूर. अर्ज परत आल्याची तक्रार ऐकून ते म्हणाले, “मी आता तिथं नाही, कारखान्यात जाऊन विचारा.” तुम्ही वाद घातला नाहीत. पिशवीतून पाने-तंबाखूची नोंद असलेले जुने, तेलकट पुस्तक काढलेत, त्यांच्यासमोर उघडून धरलेत आणि विचारलेत, “साहेब, हे अक्षर तुमचंच आहे न्हवं?”

आप्पांचे अक्षर फार देखणे होते. त्यांना त्याचा अभिमानही होता. त्या दिवशी त्यांनी ते पुस्तक बराच वेळ हातात धरून ठेवले आणि मग आजीला सहा कप चहा टाकायला सांगितला.

त्यानंतरच्या रविवारपासून विडी घरकुल वसाहतीतला तुमचा ओटा हे त्यांचे कार्यालय झाले. ओट्याची रुंदी एवढी, की त्यांची खुर्ची मांडली की तुम्हाला विड्या वळायला दाराच्या आत बसावे लागे. पाऊस आला की खुर्ची आत आणि तुम्ही चुलीपाशी. वर्षातून एकच रविवार बुडण्याची शक्यता असे, तो नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाशी जुळून आला तर. त्या दिवशी गल्लीत कोणी सापडतच नसे. कुंभारीची विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिल्यावर तिकडे राहायला गेलेल्या बायकाही रविवारी सिटी बसने तुमच्याकडेच येऊ लागल्या. त्यांना पाणी देणे, कोणाचा नंबर आधी हे ठरवणे, रडणाऱ्या पोराला गुळाचा खडा देणे, कागद विसरून आलेलीला चार शब्द सुनावून परत पाठवणे, हे सगळे तुम्ही हातातले काम न थांबवता केलेत. हजाराची मजुरी ज्या घरात मोजून येते, त्या घराने दर आठवड्याला अर्धा दिवस असा दुसऱ्यांसाठी काढून ठेवला, याचा हिशेब आमच्या घरात कोणीही कधी केला नाही. आप्पांचा अर्धा दिवस मात्र आजी दर रविवारी मोजत असे. “पगार मिळत होता तेव्हा हे वेळेवर जेवायला तरी येत होते,” असे ती म्हणे आणि तरीही डब्यात शेंगाचटणी तुमच्यासाठी वेगळी बांधून देई.

तुम्ही त्यांच्यासाठी नुसती जागाच दिली नाहीत. आप्पांना तेलुगू येत नव्हते. छत्तीस वर्षे तेलुगू बायकांची नावे लिहून येत नव्हते, हे ते स्वतःच शरमेने सांगत. बाई काय सांगते आहे, ती काय लपवते आहे आणि कशाला घाबरते आहे, हे तुम्ही त्यांना समजावून दिलेत. एका बाईच्या नावावर दोन वेगवेगळी खाती निघाली होती, एकात सात वर्षे आणि दुसऱ्यात सहा, कारण मध्ये तिचे नाव कमी करून पुन्हा दुसऱ्याच नावाने घातले गेले होते. दोन्हींपैकी एकही खाते दहा वर्षांना पोहोचत नव्हते, म्हणून तिला सांगितले गेले की बाई, तुझे निवृत्तिवेतन बसत नाही. ही दोन नावे एकाच बाईची आहेत, हे कागदावरून आप्पांना कधीच कळले नसते. लग्नानंतर सासरी तिचे नाव बदलले होते ही गोष्ट तुम्हाला माहीत होती, कारण त्या लग्नात तुम्ही वाढायला होतात. मग आप्पांनी दोन्ही खाती एकत्र करण्याचा फॉर्म तेरा भरला, सात आणि सहा मिळून तेरा वर्षे झाली आणि वेतन गुणिले वर्षे भागिले सत्तर या हिशेबाने तिला महिना चारशेच्या आत काही रुपये सुरू झाले. रक्कम ऐकून मला हसू आले होते. आप्पा रागावले नाहीत, म्हणाले, “तिनं आज पहिल्यांदा स्वतःच्या नावावर बँकेतून पैसे काढले.” 2014 च्या सप्टेंबरपासून किमान रक्कम 1,000 रुपये झाली, तेव्हा त्या बाईने तुम्हाला आणि आप्पांना एकेक पेढा आणून दिला होता, आणि मधुमेह असूनही आप्पांनी तो तिथेच खाल्ला होता.

आता जी गोष्ट शोकसभेत कोणीच सांगितली नाही, ती सांगते. तुमच्या शेजारीण रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी, म्हणजे 1948 साली जन्मल्या होत्या. 1983 च्या वहीत आप्पांनी त्यांचे वय 26 लिहिले होते, प्रत्यक्षात त्या 35 वर्षांच्या होत्या. 2006 मध्ये त्यांची 58 वर्षे भरली तेव्हा कागदावर त्या 49 च होत्या. दुरुस्तीसाठी तेव्हा संयुक्त घोषणापत्र लागे, त्यावर कामगाराची सही वा अंगठा आणि मालकाची सही लागे, सोबत वयाचा पुरावा लागे. ज्या कारखान्यात छत्तीस वर्षे खुर्चीवर बसले, त्याच कारखान्याच्या व्हरांड्यात आप्पा त्या एका सहीसाठी बाकावर बसून राहत. कागद गेला, परत आला, पुन्हा गेला. 2009 मध्ये मंजुरी आली तेव्हा त्या बाईंना जाऊन दोन महिने झाले होते.

त्या रविवारी तुम्ही दुपारभर काही बोलला नाहीत. आप्पा निघायला उठले तेव्हा म्हणालात, “वय लिहिताना एकदा तिच्या तोंडाकडं बघायचं होतं की, साहेब.”

घरी येऊन आप्पा जेवले नाहीत. पुढचे दोन रविवार ते गेले नाहीत. तिसऱ्या रविवारी तुमचा मुलगा सायकलवर आमच्या दारात आला आणि एवढेच म्हणाला, “आईनं सांगितलंय, ओटा झाडून ठेवलाय.” आप्पांनी पिशवी उचलली.

शोकसभेत ‘निःस्वार्थ सेवा’ हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी तो मला खुपू लागला. आप्पा आपल्याच हातच्या चुका खोडत होते आणि हे त्यांनी कोणापासून लपवले नव्हते. “माझ्या अक्षराचं देणं आहे,” असे ते म्हणत. तुमच्या हातून मात्र कोणाची कसली चूक झाली नव्हती. तुम्ही कोणाचे काही लागत नव्हता. ज्या माणसाने शेजारणीचे वय चुकवले, त्याला तोंडावर सांगून पुन्हा बोलावून घेणे आणि पुढची चौदा वर्षे त्याला चहा देणे, याला कोणता शब्द वापरतात ते मला माहीत नाही, पण शाल-श्रीफळ घेताना आप्पांना संकोच का वाटे, हे मला त्यामुळे समजले.

त्या प्रसंगानंतर आप्पांनी समोरच्या बाईकडे न पाहता वयाचा आकडा लिहिला नाही. अंदाज बांधण्याची तुम्हा दोघांची एक पद्धतच ठरून गेली: रझाकाराच्या वेळी पोटात होतीस की पाळण्यात, 72 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा कडेवर मूल होते का, असे तुम्ही विचारत जायचे आणि आप्पांनी त्यावरून वर्ष काढून पुराव्याचा कागद शोधायला सांगायचे.

करंगळीची गोष्टही इथे यायला हवी. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला यंत्रावर बोट ठेवून देण्याची सोय सुरू झाली आणि पुढे तुमच्या गल्लीतल्या बायकांनाही त्याच रांगेत उभे राहावे लागले. चाळीस वर्षे पाने दुमडून ज्यांचे अंगठे गुळगुळीत झाले होते, त्यांच्या अंगठ्याला यंत्र ओळखच दाखवीना. बाई समोर जिवंत उभी, पण हयात असल्याचे सिद्ध होत नाही, आणि म्हणून निवृत्तिवेतन थांबलेले. आप्पांनी खोबरेल तेल लावून पाहिले, कोमट पाण्याने हात धुऊन पाहिले, तीन दिवस विड्या वळू नका असेही सुचवून पाहिले. तीन दिवसांची मजुरी तुम्ही द्याल का, असे एकीने विचारल्यावर ते गप्प झाले. तेव्हा तुम्ही सूप बाजूला ठेवून स्वतःचा पंजा त्यांच्यासमोर धरलात. विडी वळते ती अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांवर, करंगळी नुसती बाहेर राहते, ती लावून बघा म्हणालात. आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे कोणतेही बोट चालते. पुढच्या सोमवारी नऊ बायकांपैकी सात जणींचे दाखले करंगळीवर निघाले. आप्पा त्या संध्याकाळी घरी आले ते स्वतःची करंगळी वर धरूनच, आणि आजीला वाटले यांना काहीतरी लागले. पुढे 2022 मध्ये चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली आणि बोटांचा प्रश्न बराच सुटला, पण मधल्या वर्षांत त्या करंगळीवर किती घरे चालली, हे तुम्हीच जाणता.

टाळेबंदीच्या काळाबद्दल फारसे लिहीत नाही. कारखाने बंद, मजुरी बंद आणि आप्पा 74 वर्षांचे, म्हणून आम्ही त्यांना घरात कोंडून ठेवले होते. रोज सकाळी अकराला ते तुमच्या नातीच्या मोबाइलवर फोन करत आणि कोणाकडे धान्य संपले आहे ते लिहून घेत, हे मला आता त्यांच्या एका वहीवरून कळले.

2023 च्या मे महिन्यात आप्पा न्हाणीत पडले आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून शेवटपर्यंत तुम्ही दर मंगळवारी आमच्याकडे आलात, तेही सूप, पाने, तंबाखू आणि दोऱ्याचे रीळ पिशवीत घालून. पलंगाशेजारी चटई टाकून तुम्ही विड्या वळत होतात, आप्पा पडल्या पडल्या तोंडी मजकूर सांगत होते आणि तुमची नात अर्ज लिहीत होती. तंबाखूच्या वासाने आजीला ठसका लागे, पण तिने खिडकी उघडण्यापलीकडे कधी काही केले नाही. सप्टेंबरमध्ये आप्पांची वाचा अडखळू लागली; आम्हाला कळत नसलेले शब्द तुम्हाला कळत होते. जी बाई अठरा वर्षे बायकांचे तेलुगू आप्पांना मराठीत सांगत होती, तिने शेवटी आप्पांचे मराठी आम्हाला मराठीत सांगितले.

आता वह्यांविषयी. आप्पांच्या कपाटात मला सात वह्या सापडल्या, लांबलचक, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, हिशेबाच्या असतात तशा. प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले आहेत: कारखान्यातले नाव, रेशनवरचे नाव, आधारवरचे नाव, बँकेतले नाव आणि शेवटचा रकाना ‘खरे नाव’. पहिले चार आप्पांच्या देखण्या अक्षरात आहेत. पाचव्या रकान्यातली गोल, जरा वाकडी अक्षरे मला वाचता येत नव्हती आणि खरे सांगायचे तर कोणा मुलाने गिरगिटले असेल असेच मला वाटले होते. तुमची नात आजीला भेटायला आली तेव्हा तिने एक पान पाहून सांगितले, “ही तेलुगू आहे, अक्कांनी लिहिलंय.” मग तिने संध्याकाळी उशिरापर्यंत बसून मला नावे वाचून दाखवली. चौथीपर्यंत शिकलेल्या तुम्ही सातही वह्यांतले प्रत्येक नाव, त्या त्या बाईला विचारून, तिच्या आईने ठेवले तसे लिहिले आहे. आप्पांनी त्या रकान्यात एकही अक्षर लिहिलेले नाही. सातव्या वहीच्या शेवटच्या पानावर, सगळे रकाने ओलांडून, तुमच्याच अक्षरात एक शब्द आहे, तो नातीने वाचला, ‘तात’. तेलुगूत आजोबांना तात म्हणतात हे तिने सांगितले. ओट्यावर सगळ्या जणी त्यांना त्याच नावाने हाक मारत होत्या, आणि आम्हा घरच्यांना याची गंधवार्ता नव्हती.

या सात वह्यांसाठी, ओट्यासाठी, खुर्चीसाठी, करंगळीसाठी, त्या एका कडू वाक्यासाठी आणि त्यानंतर झाडून ठेवलेल्या ओट्यासाठी मी तुमची आभारी आहे. आजीनेही आपले नाव आभारात घालायला सांगितले आहे. संक्रांतीला तुम्ही पाठवलेले सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाची कडक तळलेली कडी, तिला चावत नाहीत, पण ती ते चहात भिजवून खाते, हेही कळवायला सांगितले आहे.

शेवटच्या वहीत अकरा नावांपुढे काम पूर्ण झाल्याची खूण नाही. त्यांतल्या चार बायका कुंभारीला असतात, दोघींचे पत्ते नातीला माहीत आहेत, उरलेल्या पाच तुम्हालाच विचाराव्या लागतील. पुण्याहून शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून मी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी विडी घरकुलात पोहोचते. वह्या बरोबर आणते, त्या तुमच्याकडेच राहाव्यात. तेलुगू अक्षरे गिरवायला घेतली आहेत, अजून ‘न’ नीट येत नाही. खुर्ची मांडू नका, मी चटईवर बसेन.

आपली,
तातांची नात